फोटो क्रमांक बावीसमधला भटजी

होमकुंडात तूप जास्त पडलं आणि धुरानं नवरीला खोकल्याची उबळ आली. फोटोग्राफर म्हणाला, "भटजी, तोंड उघडं ठेवा. मंत्र म्हणताना दिसायला पाहिजे."

भटजी म्हणजे मी. मी भटजी नाही. समोरच्या दोघांचं लग्न नऊ दिवसांपूर्वी सोयगावला लागलेलं होतं आणि ते दोघंही बौद्ध होते. जागा होती फर्दापूरच्या एका हॉटेलमागचं लॉन. केळीचे खांब आदल्या दिवशीच्या कुठल्यातरी पूजेचे. शालू भाड्याचा, मंगळसूत्र खोटं. मी उपरणं सारखं केलं, तोंड उघडलं आणि मंगलाष्टकं म्हणायला लागलो. नुसते ओठ हलवले असते तरी चाललं असतं. होमाच्या वेळी मंगलाष्टकं म्हणत नाहीत, हेही मला माहीत होतं. पण फोटोत आवाज येत नाही. माझे आजोबा भिक्षुकी करायचे, वडील सरकारी कचेरीत क्लार्क होते. दोघांनीही आपापलं काम बरं केलं. मी त्या दोन्हींचा मिळून जो नासका अर्क झालो होतो, त्याला व्हिसा डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह म्हणतात.

हे काम काय असतं ते आधी सांगतो. नवरा कॅनडात, बायको इथं. तिला कायमचं तिकडं न्यायचं तर नवऱ्यानं तिला स्पॉन्सर करायचं, म्हणजे तिची हमी घ्यायची. अर्जाबरोबर पुरावे लावायचे. नुसतं लग्नाचं सर्टिफिकेट पुरत नाही, कारण तिकडं जाण्यासाठी कागदापुरतं लग्न करणारेही असतात. ऑफिसरला एवढंच ठरवायचं असतं की हे दोघं खरंच नवरा-बायको आहेत का. मग फोटो, चॅट, फोन कॉलच्या याद्या, प्रवासाची तिकिटं, नातेवाइकांची पत्रं. याला आम्ही रिलेशनशिप प्रूफ म्हणतो.

काम सरळ आहे. जे आहे ते तारखेनुसार लावायचं, खाली कोण कोण आहे ते लिहायचं, संपलं. दहावी पास माणूस करील. पण मग आमच्याकडं कोण येणार? म्हणून संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातल्या आमच्या ऑफिसात आम्ही वर्षानुवर्षं एक माणूस घडवला होता. तो म्हणजे 'ऑफिसर'. त्याला आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्या आवडीनिवडी आम्हाला पाठ होत्या. ऑफिसरला हळद लागते. ऑफिसरला हनिमून लागतो, तोही डोंगराच्या पार्श्वभूमीवर. ऑफिसरला जाड फाइल लागते. नवीन लग्न झालेली जोडपी समोर बसून हे ऐकायची आणि आपल्या लग्नात काय काय कमी पडलं ते आठवून कावरीबावरी व्हायची. मी हे सगळं फार कळकळीनं सांगायचो. लोक म्हणायचे, सर तळमळीचे आहेत.

फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, अर्ज भरायला तुम्ही कुणाची मदत घेतली का. तिथं आम्ही 'नाही' असं उत्तर भरायला लावायचो. म्हणजे खरेपणा सिद्ध करायच्या फाइलची सुरुवातच खोट्यानं. आमची सही, आमचं नाव कुठंही नसायचं.

स्नेहल आणि प्रशांत आमच्याकडं आले तेव्हा त्यांच्या लग्नाला पाच दिवस झाले होते. ती संभाजीनगरातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. तो कॅनडात ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक, तिथला कायमचा रहिवासी. सुट्टी तीन आठवड्यांची, त्यातले दहा दिवस उरलेले. तिनं पिशवीतून एकतीस फोटो काढून टेबलावर ठेवले.

"अल्बम?" मी विचारलं.

"हाच."

"प्रोफेशनल फोटोग्राफर नव्हता?"

"होता की," प्रशांत म्हणाला. "माझा चुलतभाऊ. जेवायला बसला अन् उठलाच नाही."

समाजमंदिरातलं लग्न. समोर बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, पुढं मेणबत्त्या. स्नेहलच्या अंगावर पांढरी साडी, त्याचे पांढरे कपडे. विधी लावणारे बौद्धाचार्य हात जोडून उभे, बाकीचा हॉलही हात जोडून. हार घालताना प्रशांतचा हात तिच्या केसांत अडकलेला. एका फोटोत त्याचे वडील वाकून पंगतीतल्या पत्रावळी उचलत होते आणि मागून कुणीतरी त्यांना अडवत होतं. निम्मे फोटो हललेले.

आमचे मालक राजेशभाऊ तेवढ्यात केबिनमधून बाहेर आले. फोटो पत्त्यांसारखे चाळले आणि मला म्हणाले, "पंत, हे तर शोकसभेसारखं दिसतंय."

मी हसलो. ते दोघं समोरच बसले होते.

स्नेहलनं चॅटचीही प्रिंट आणली होती. दोन वर्षांची, दीडेकशे पानं. मी लाल पेन घेऊन बसलो. एका ठिकाणी तो तिचा वाढदिवस विसरला होता. तिनं लिहिलं होतं, 'तुझ्या कॅनडाला आग लागो.' त्याचं उत्तर, 'इथं लागत नाही. मायनस बावीस आहे.' पुढं दोन दिवस दोघांत अवाक्षर नाही. मग तिसऱ्या दिवशी तिचा निरोप, 'हातमोजे घातले का.' आणखी एका ठिकाणी कुकर तीन लिटरचा न्यायचा की पाचचा यावर चार पानं. तो म्हणे तीन, ती म्हणे तुझी आई आली तर काय करशील. मी ही सगळी पानं काढून टाकली. भांडणं ऑफिसरला आवडत नाहीत. शेवटी फाइलमध्ये राहिलं ते गुड मॉर्निंग, जेवलीस का, गुड नाइट. हे तर कोणीही कोणालाही लिहितं.

मग मी त्यांना शूटबद्दल सांगितलं. राजेशभाऊंनी सुचवलं होतं, पण पटवून दिलं मी. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर बरेच दिवस मी मनाशी त्यांचंच नाव घेत असे.

"सर, आमच्यात लग्न असंच असतं," स्नेहल म्हणाली.

"मला माहीत आहे हो. पण तिकडच्या ऑफिसरला कळत नाही ना. त्याच्या डोक्यात इंडियन वेडिंग म्हणजे लाल शालू, होम, सात फेरे. पांढरी साडी बघितली की त्याला शंका येणार."

"तुम्हाला कळतं का?"

मी चष्मा काढून पुसला आणि प्रशांतकडं बघितलं. त्याला दहा दिवसांत विमान गाठायचं होतं.

"करून टाकू ना," तो तिला म्हणाला. "एक दिवसाचा तर प्रश्न आहे. रिजेक्ट झालं तर काय करशील?"

ती बराच वेळ फोटोंचा गठ्ठा सारखा करत राहिली. मग म्हणाली, "बाबांना कळता कामा नये."

तर ते फर्दापूरचं लॉन. खरा भटजी मिळत नव्हता आणि मिळाला असता तर त्यानं प्रश्न विचारले असते. मी याआधीही एकदा उभा राहिलो होतो, कोर्ट मॅरेज केलेल्या एका जोडप्यासाठी. उपरणं ऑफिसच्या कपाटातच असायचं. दुपारी याच दोघांना कपडे बदलायला लावून अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवर हनिमून उरकला. स्नेहल एकाही फोटोत हसली नाही. फोटोग्राफरनं तीनदा सांगून बघितलं.

फाइल मी लावली. अर्जदाराच्या नावानं जाणारं कव्हरिंग लेटर आमचं ठरलेलं असायचं, नावं आणि तारखा तेवढ्या बदलायच्या. त्यात एक वाक्य होतं, 'हा विवाह हिंदू वैदिक पद्धतीने, अग्नीच्या साक्षीने झाला.' नोकरीच्या पहिल्या वर्षी ते वाक्य मीच लिहिलं होतं. तेव्हा डोळ्यांपुढं माझं स्वतःचं लग्न होतं. पुढं मुसलमान आणि ख्रिस्ती फाइलींमध्ये ते आठवणीनं काढायचो. स्नेहलच्या फाइलमध्ये काढायचं सुचलंच नाही. तिचं लग्न माझ्या हिशेबी आपल्यातलंच, फक्त जरा साधं. बौद्धाचार्यांनी दिलेला दाखला मीच स्कॅन केला होता. भाषांतर बाहेरून करून आणलं होतं. त्यात स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं की विवाह बौद्ध पद्धतीनं झाला. ते पान मी कव्हरिंग लेटरच्या बरोबर मागं लावलं. वाचलं नाही. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी कागद मोजत होतो.

सात महिन्यांनी पत्र आलं. नकार देण्याआधी तुमची बाजू मांडा, असं सांगणारं हे पत्र असतं आणि उत्तराला तीस दिवस मिळतात. पत्रात तीन मुद्दे होते. लेटरमध्ये वैदिक विवाह आणि दाखल्यात बौद्ध विवाह, हे कसं? दाखल्यावर जागा सोयगावचं समाजमंदिर आणि फोटोत मोकळं लॉन, हे कसं? आणि फोटो क्रमांक बावीसमध्ये विधी करणारी व्यक्ती आणखी एका अर्जातल्या फोटोंमध्येही दिसते, याचा खुलासा करावा. समाधानकारक उत्तर नसेल तर चुकीची माहिती दिल्याचं धरून अर्जदाराला पाच वर्षं अर्ज करायला बंदी होऊ शकते.

अर्जदार म्हणजे स्नेहल. पाच वर्षं तिची जाणार होती. आमचं तर फाइलमध्ये नावही नव्हतं.

राजेशभाऊंनी पत्र वाचलं. "सोपंय. दोन्ही पद्धतीनं लग्न केलं म्हणून टाका. सकाळी बौद्ध, दुपारी वैदिक."

"आणि भटजी?"

"भटजी काय, त्या भागात एकच असेल. सगळीकडं जात असेल."

"राजेशभाऊ, तो मी आहे."

"मग काही दिवस दाढी वाढवा."

मी ते प्रतिज्ञापत्र लिहिलं. मुलीच्या वडिलांच्या नावानं, दोन्ही विधी आपल्या समोर झाले असं. चांगलं लिहिलं. दोन्ही घरांची इच्छा, परंपरांचा आदर वगैरे. लिहिताना लाज वाटली का? वाटली. पण लाज वाटत असताना माझं इंग्रजी जास्तच सफाईदार होतं.

सहीसाठी स्नेहलला वडिलांना सगळं सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते सोयगावहून तिला घेऊन ऑफिसात आले. निवृत्त एसटी कंडक्टर, सगळे त्यांना आप्पा म्हणत. मी मसुद्याची मराठी प्रत पुढं केली. त्यांनी ओळीखाली बोट धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"हे कुनी लिहलं?"

"मी."

"म्हंजी माझ्या पोरीचं लगीन दुपारी दुसऱ्यांदा लागलं, अन् मी तिथं हजर व्हतो."

"कागदापुरतं आहे, आप्पा."

"सही कागदावरच करायची ना मला?"

त्यांनी फोटोंची फाइल ओढून घेतली, बावीस नंबरवर थांबले. फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत फोटोकडं.

"तुमीच हाय व्हय हे."

"हो."

"लई शोभून दिसता."

त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ते फाइल मिटून म्हणाले, "माझ्या बापानं हे समदं सोडलं, मी जन्मायच्या आधी. आईनं देव्हारा उतरवला. तवापासून आमच्या घरात कुनी भटाम्होरं हात जोडून बसलं नाय. तुमी एका फोटोसाठी बसवलं." मग मुलीकडं वळले. "तुला बी कळलं नाय?"

"कळत होतं, बाबा. भीती वाटली."

"कशाची?"

"सर म्हणाले, फाइल पातळ आहे."

राजेशभाऊ मध्ये आले. "आप्पा, टेन्शन नका घेऊ. नुसती फॉर्मॅलिटी आहे. सही नाही केली तर पोरगी पाच वर्षं इथंच राहील, बघा."

आप्पांनी पेन टेबलावर ठेवलं. "ऱ्हाईल. तिची भाकर मला जड नाय."

"मला जायचंय, बाबा," स्नेहल म्हणाली. "पण याच्यावर सही करून नाही." मग माझ्याकडं वळली. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात तशी, एकेक शब्द सुटा करत बोलली. "सर, जे झालं ते मी लिहून देणार आहे. फोटो कुठं काढले, कुणी सांगितलं, भटजी कोण होतं. तुमचं नाव येईल. तुम्ही तुमच्या हातानं लिहून दिलंत तर ऑफिसरला पटायची शक्यता जास्त. नाही दिलंत तरी मी लिहिणारच."

"अगं, फोटो खोटे आहेत म्हणून तू स्वतःच कबूल करतेस," राजेशभाऊ म्हणाले. "लगेच रिजेक्ट करतील."

"फोटो खोटे आहेत. लग्न नाही."

मी तिथल्या तिथं हो म्हणालो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी दोन दिवसांची मुदत मागितली. माझ्या मुलीचं कॉलेज, घराचं भाडं, बावन्नाव्या वर्षी कोण नोकरीवर ठेवणार, हे सगळं डोक्यात आलं. मी नाही दिलं लिहून तर ती तरी काय करणार, हेही आलं. तिसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्र केलं ते सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली म्हणून नाही. नाव लपवता येतं. फोटोतला चेहरा कुठं लपवणार? तिचं पत्र गेल्यावर मी सापडणारच होतो. सापडण्यापेक्षा कबूल करणं जरा बरं दिसतं, एवढाच माझा हिशेब. प्रतिज्ञापत्रात लिहिलं की मी पुरोहित नाही, हे फोटो लग्नानंतर नऊ दिवसांनी माझ्या सांगण्यावरून काढले, वैदिक पद्धतीचं वाक्य माझं आहे, आणि अर्ज मी भरला होता.

राजेशभाऊंनी ते वाचलं. "पंत, किल्ली ठेवून जा," म्हणाले. एवढंच.

उत्तराचा बाकीचा भाग आम्ही सोयगावला आप्पांच्या घरी बसून केला. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. समाजमंदिरातले ते एकतीस फोटो लावले, प्रत्येकाखाली माणसांची नावं. पत्रावळीचा फोटो पहिला लावावा असं मला वाटलं. स्नेहल म्हणाली, तारखेनं आणि वेळेनं लावा, तुमच्या आवडीनं नको. बौद्धाचार्यांनी विधी काय काय झाले त्याचं स्वतंत्र पत्र दिलं. चॅटची दीडशेच्या दीडशे पानं गेली, आगीसकट आणि कुकरसकट. स्नेहल सांगत गेली, मी टाइप करत गेलो. एका ठिकाणी मी नवऱ्याबद्दल 'अत्यंत प्रेमळ' असं घातलं.

"ते काढा," ती म्हणाली.

"का?"

"तो तसा नाहीये. बरा आहे. बरा लिहा."

दीडेक महिन्यानं मला फोन आला. प्रतिज्ञापत्राची खातरजमा करायची होती. ज्या ऑफिसरची आवडनिवड मी इतकी वर्षं लोकांना शिकवली, तो ऑफिसर एक बाई निघाली. आधी इंग्रजीत बोलली, मग माझी तारांबळ ऐकून हिंदीत.

"आप पुजारी हैं?"

"नहीं."

"ये फोटो निकालने को किसने कहा?"

"मैंने."

"बौद्ध विवाह में हवन नहीं होता, ये आपको पता नहीं था?"

"पता था."

"फिर?"

मी म्हणालो, आपको पता नहीं होगा ऐसा लगा. तिनं ते टाइप करून घेतलं. मग तिनं विचारलं, सोयगावच्या लग्नाला तुम्ही हजर होता का? नाही, म्हणालो. थँक यू म्हणून तिनं फोन ठेवला.

पुढं स्नेहलची व्हिडिओवर मुलाखत झाली. ती एकटीच बसली, मी गावातसुद्धा नव्हतो. लग्नाचं तिला फारसं विचारलं नाही, असं नंतर कळलं. कुकर शेवटी कितीचा घेतला, हे विचारलं. उलटतपासणीसारखं नाही, सहज. तिनं सांगितलं, अजून ठरलेलं नाही.

अर्ज मंजूर झाला. बंदी आली नाही. मंजुरीच्या पत्राबरोबर ताकीद होती, यापुढं अशी कागदपत्रं दिल्यास गय केली जाणार नाही. एकूण जवळजवळ एक वर्ष जास्त लागलं. ते वर्ष त्या दोघांच्या संसाराचं होतं आणि ते मी खाल्लं, याला दुसरा शब्द नाही.

ती गेली त्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. तेवढाच एक.

"पोरगी पोचली. सांगावं म्हनलं."

"बरं झालं, आप्पा."

"तुमी आता काय करता?"

"हेच. घरूनच फॉर्म भरतो. मदत घेतली का या प्रश्नापुढं माझं नाव घालतो."

"लोक येतेत?"

"कमी येतात."

"मंग बरंय," म्हणाले आणि फोन ठेवला.

कमी येतात हे खरं आहे. जे येतात त्यांना मी एवढंच म्हणतो, तुमचं लग्न कसं झालं ते सांगा, मी लिहून घेतो. सगळं सांगून झाल्यावर ते माझ्याकडं बघत बसतात. यात आणखी काय घालायचं असं विचारतात. काही नाही म्हटलं की तोंडं उतरतात. मग नवरा बायकोकडं बघतो, बायको नवऱ्याकडं, आणि बहुतेक जण कागद गोळा करून उठतात. दारात थांबून हळूच विचारतात, फोटोबिटो सगळं करून देणारे कोणी माहितीत आहेत का. मी नाही म्हणतो. त्यांना पुढच्या चौकातच कोणीतरी सापडतो.